यमुनाबाईंच्या रानातला खड्डा

खड्ड्याच्या भिंतीवर मी आम्लाचे चार थेंब टाकले आणि माती उकळली. थोडीथोडकी नव्हे, चांगली फसफसून, पांढरा फेस धरून खाली ओघळली. एक हात खाली टाकले, तिथंही तेच. तळाच्या मुरमावर टाकले, तिथंही तेच.

इलाहीभाई वरून वाकून बघत होते. "ताई," ते म्हणाले, "ही तर काल गप होती की."

काल गप्प होती हे मलाही पक्कं आठवत होतं. आदल्या संध्याकाळी खड्डा खणून झाला तेव्हा उजेड कमी पडला, म्हणून बाकीचं काम सकाळवर टाकून मी नुसती एवढी चाचणी उरकली होती. तीन ठिकाणी थेंब टाकले, माती ढिम्म हलली नव्हती. आणि माती काही माणूस नाही, रात्रीत मन बदलायला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी जात्याच संशयी. आई म्हणायची, हिला दूध दिलं तरी आधी भांड्याचा वास घेते. पण माझ्या नोकरीत हा स्वभाव उपयोगी पडायचा. ब्याण्णव सालच्या मार्चमध्ये आमच्या खात्यानं मला माण तालुक्यातल्या करंजओढ्याला पाठवलं, तेव्हा साहेबांनी निघताना मुद्दाम बजावलं होतं, "वाघोलेबाई, खड्ड्यापाशी तोंड उघडायचं नाही. काय सापडलं, काय लिहिलं, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. एकाला सांगितलंत की दहाजण मागं लागतात. अहवाल आला की कळेल त्यांना." मला हे फार म्हणजे फारच पटलं होतं.

काम असं होतं. पाऊस हुलकावणी देतो अशा गावांतल्या जमिनी तपासायच्या. गटागटात छातीएवढा खड्डा घ्यायचा, माती किती खोल, मुरूम कुठं लागतो, पाणी किती धरून ठेवील, चुनखडी किती, सगळं कागदावर भरायचं आणि कुठली जमीन कुठल्या पिकाला योग्य ते गावच्या नकाशावर रंगवायचं. त्या वर्षी त्या नकाशाला एकदम भाव आला होता. कारण ज्या गटाला डाळिंबासाठी 'योग्य' असा शेरा मिळेल, त्यालाच फळबाग योजनेतली रोपं आणि ओढ्यावरच्या नव्या बंधाऱ्याचं पाणी मिळणार होतं. बाकीच्यांनी आभाळाकडं बघायचं.

आम्लाची चाचणी चुनखडीसाठी. मातीत चुनखडी असली की आम्ल पडताच ती फसफसते. जास्त फसफसेल तेवढी वाईट. असल्या रानात डाळिंब लावलं तर पानं पिवळी पडतात आणि झाड रडतखडत जगतं. म्हणजे यमुनाबाईंची माती आज उकळत होती तशी कागदावर गेली असती, तर त्यांचं रान बाद.

मी चाकूनं भिंत दोन बोटं आत खरवडली आणि तिथं थेंब टाकले. माती गप्प. जे काय होतं ते वरच्यावर लागलेलं होतं. हात लावला तर भिंत ओलसर. मार्चात, उघड्या रानात, ओलसर! मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"थुंका ताई, थुंका!" इलाहीभाई ओरडले.

मी थुंकले. पण चव कळली होती. खारट, साबणासारखी. खाण्याचा सोडा. कुणीतरी सोडा पाण्यात कालवून खड्ड्याच्या चारी भिंतींना लावला होता.

आमच्या नियमावलीत यावर चार ओळी होत्या. खड्ड्यात भेसळ आढळली तर खड्डा बाद. बाहेरच्या कुणी केली असेल तर दुसरा खड्डा घ्यावा. मालकानं केली असेल तर तो गटच यादीतून वगळावा. चार वाजता मला न्यायला जीप येणार होती आणि करंजओढ्यातला हा शेवटचा खड्डा होता. चारच्या आत मला शोधायचं होतं, हे कुणी केलं.

हे रान यमुनाबाई पुकळ्यांचं. पंचेचाळिशीच्या धनगरीणबाई, चार एकर जमीन, घरात दुसरं कुणी नाही. नवरा आणि दोन्ही पोरं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला जायची ती पावसाच्या तोंडावर परत यायची. आठ महिने ही बाई रानातल्या घरात एकटी. मी खड्ड्याची जागा आखत होते तेव्हा त्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, डाळिंबाला मानूस लागतंय न्हवं?"

"लागतं."

"रोज?"

"रोजच म्हणायचं. पाणी, छाटणी, फवारणी."

"मग झालं तर! बाग झाली की आमच्या मालकाला मेंढरामागं जाता यायचं न्हाई." त्या लाजल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "लगीन होऊन सव्वीस वर्सं झाली, बाई. त्यातली नवऱ्यासंगं काढलेली मोजाय बसलं तर नऊ बी भरत न्हाईत. तुमी एवढं चांगलं लिवा."

मी जागा आखत राहिले. साहेबांनी सांगितलं होतं ना, तोंड उघडायचं नाही.

आता त्याच खड्ड्यात उभी राहून मी विचार करत होते आणि माझी नजर पहिल्यांदा कुणावर गेली असेल? इलाहीभाईंवर. सांगताना आजही लाज वाटते, पण गेली. इलाही मुलाणी शेजारच्या गावचे, विहिरी खणणारे. तीन आठवडे माझ्याबरोबर खड्डे खणत होते. मला ताई म्हणायचे. कुठं साप दिसला तर आधी स्वतः उतरून काठी आपटायचे. पण काल रात्री ते रंगराव काळेलांकडं जेवले होते, आणि रंगरावांचं रान यमुनाबाईंच्या बांधाला बांध लावून. एवढं माझ्या डोक्याला पुरे होतं.

"इलाहीभाई, काल रंगरावांनी जेवायला का बोलावलं होतं?"

"का म्हंजी? मटन केलं हुतं. त्यांच्या पोरीला बघाय पावनं आल्यालं."

"खड्ड्याबद्दल काही बोलले का? तुम्हाला काही करायला सांगितलं का?"

 इलाहीभाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मी नजर खाली घातली. त्यांनी फावडं खांद्यावर टाकलं. "मी शाळंत हाय," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. आमचा मुक्काम गावच्या शाळेच्या व्हरांड्यात होता. मी त्यांना हाक मारली नाही. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात ते हेच असेल. असली मी!

मग मी रंगरावांकडं निघाले. चालताना माझ्या डोक्यात सगळं चक्र जुळत गेलं. रंगराव काळेल माजी सरपंच, गावातलं एकमेव किराणा दुकान त्यांचं. यमुनाबाईंचं रान वाट्यानं मागायला ते तीनदा गेले होते आणि तीनदा नाही ऐकून परतले होते. बांधावरून तर दोघांत जुनंच वैर. परवा त्यांच्या रानात खड्डा घेतला तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. आणि काय खड्डा होता तो! वर काळी माती, मग तपकिरी, मग हातभर पांढराफटक चुनखडीचा पट्टा, जसा काही सुतारानं रंधा मारून ठेवावा असा सरळ. आम्ल टाकलं तर माती खदखदून उकळली. माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. आख्ख्या करंजओढ्यात मातीविषयी मी बोललेला तो एकच शब्द.

तर माझं गणित असं की, रंगराव पक्के. त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं असणार की उकळणं वाईट. आपलं रान बाद झालं हे कळल्यावर शेजारणीचंही बाद करायला निघाले. दोन दिवस मिशीला पीळ देऊन हिंडत होते ते निव्वळ सोंग.

दुकानापुढच्या बाकड्यावर दोघंजण बसलेले. रंगराव शेंगदाणे पाखडत होते.

"रंगराव, खाण्याचा सोडा आहे का?"

"हाय की. किती देऊ, मॅडम?"

"द्यायला नको. काल कुठं वापरला ते सांगा."

सूप थांबलं. "म्हंजी?"

"यमुनाबाईंच्या खड्ड्यात कुणीतरी सोडा कालवून लावलाय. काल गप्प होती ती माती आज उकळतेय. गावात सोडा तुमच्याच दुकानात मिळतो. बांध तुमचा. ते रान तीनदा मागितलं तेही तुम्हीच. आणखी काय सांगू?"

बाकड्यावरचे दोघं उठून उभे राहिले. रंगराव आधी लाल झाले, मग त्यांचा आ वासला. "तिची माती उकळली?"

"उकळली. म्हणजे तुमचं काम झालं."

"माझं काम?" त्यांनी सूप खाली आदळलं. "आवो मॅडम, मी येडा हाय का खुळा? माझ्या हातानं तिला पैला नंबर दिऊ व्हय?"

"काय?"

"काय म्हंजी काय! आख्ख्या गावात माती उकळली ती माझ्या एकट्याची. तुमी वा म्हनलासा. ह्यांनी ऐकलंय, इच्यारा." ते दोघं जोरजोरात माना हलवू लागले. "तीस खड्डं काढलं तुमी, कुठं शबुद काढला न्हाई, आन माझ्या खड्ड्यात वा! पोरीला बघाय आल्याल्या पावन्यांस्नी बी मी तेच सांगितलं, आमची माती एक नंबर. आता हिची उकळली तर माझी काय किंमत ऱ्हायली?"

मला कुणीतरी फाडकन तोंडात मारल्यासारखं झालं. तीस खड्डे मी तोंड शिवून काढले होते, आणि या गावानं माझ्या एका शब्दावरून आख्खं शास्त्र उलटं बांधलं होतं. उकळते ती चांगली, गप्प राहते ती मेलेली.

रंगराव मात्र आता पेटले होते. "सोड्याचं इच्यारता न्हवं? मग ऐका. दोन पुडं तिनंच नेलं, काल दिवं लागायच्या टायमाला. मी म्हनलं, एकटी बाई, एवढी भजी कुनाला तळती? आता कळलं. चोरटी कुठली! लिवा कागदावर तसं. मी येतोच चारला, बघतो लिवताय का न्हाई."

तिथल्या तिथं त्यांना खरं सांगायला हवं होतं. पण साहेबांचा नियम आडवा आला.  मी तशीच वळले.

यमुनाबाई खड्ड्याच्या कडेला बसल्या होत्या. मला बघून झटकन उठल्या. "उकळली न्हवं, बाई?" त्यांच्या तोंडावर एवढा आनंद होता की मला पुढचं विचारणं जड गेलं. पण विचारलं.

"सोडा तुम्ही टाकला?"

"कसला सोडा?"

"दोन पुडे. रंगरावांनी सांगितलं."

त्यांनी पदर सारखा केला. ओढ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळल्या त्या एकदम ताठ होऊन. "टाकला. तांबडं फुटायच्या आत उठून टाकला. मग काय करू? काल तुमी थेंब टाकलं, माझी माती मेल्यावानी पडून ऱ्हायली. मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. तुमी लिवलं, वही मिटली, चालाय लागला. त्येच्या रानात वा, आन माझ्यात एक शबुद न्हाई!"

"मला विचारायचं होतं ना!"

"इच्यारलं की! 'बाई, कसं काय हाय' म्हनून तुमच्यामागं बांधापतूर आले. तुमी काय म्हनला? अहवाल आला की कळंल."

म्हणाले होते. अगदी त्याच शब्दांत म्हणाले होते.

"पण सोडाच का?"

"लिंबू पिळलं की सोडा उकळतोय, एवढं काय कळत न्हाई व्हय मला? तुमच्या बाटलीला आंबूस वास येतोय. म्हनलं, सोडा असला की उकळंल." आणि त्यात त्यांना जरासा अभिमानही होता, मला दिसला. "आता काय करनार? पोलिसात देनार?"

मी बांधावर बसले. हसावं की रडावं कळेना. ज्या बाईला डाळिंबाची बाग हवी होती तिनं तांबडं फुटायच्या आत उठून, स्वतःच्या हातानं, आपल्या चांगल्या रानाला वाईट करून ठेवलं होतं. आणि ते माझ्यामुळं.

"यमुनाबाई," मी म्हणाले, "बसा इथं. नीट ऐका. उकळते ती माती वाईट. तिच्यात चुनखडी असते. डाळिंबाला चालत नाही. तुमची माती काल गप्प राहिली ना, ते चांगलं होतं. तुमचं रान चांगलं आहे."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी बाजारात त्यांना म्हातारी शेळी विकायला आले होते. "असं? मग काल का न्हाई सांगितलं?"

"नियम आहे तसा."

"मग आज नेम कुठं गेला?"

मी वहीतली कालची नोंद त्यांच्यापुढं धरली.

"मला गप बसवाय म्हनून सांगताय," यमुनाबाई म्हणाल्या. "हितं वरडू नये म्हनून ग्वाड बोलताय. जीप आली की बसून जाशीला, आन माझं नाव खोडलेलं आसंल. वळखून हाय मी."

सकाळपासून मी या बाईवर, तिच्या गावावर, साऱ्या जगावर संशय घेत होते. आता तो फिरून माझ्यावर आला, आणि मला तो खोडून काढता येईना. नियमाप्रमाणं तर त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मालकानं भेसळ केली, गट वगळा. एक ओळ लिहिली असती की माझं काम संपलं असतं.

मी घड्याळ बघितलं. साडेदहा.

शाळेत गेले तर इलाहीभाई वळकटी बांधत होते. मी व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहिले. "चुकलं माझं, इलाहीभाई. तुमच्याविषयी तसं मनात यायला नको होतं. माफ करा."

त्यांनी दोरीची गाठ पूर्ण मारली. मग ती परत सोडली. फावडं उचललं. "खड्डा कुठं घ्यायचा, मॅडम?"

मॅडम. त्यानंतर आम्ही आणखी दोन उन्हाळे बरोबर काम केलं. माणूस तोच, साप दिसला की आधी उतरणारा. पण त्यांनी मला पुन्हा कधी ताई म्हटलं नाही, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

पहिल्या खड्ड्यापासून वीस पावलांवर आम्ही दुसरा घेतला. इलाहीभाई खाली, यमुनाबाई टिकाव घेऊन त्यांच्याबरोबर, आणि मी घमेली भरून वर ओतायला. यमुनाबाई माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हत्या, पण माझ्या हातांवर त्यांची नजर होती. मी बाटलीला हात लावला की त्या टिकाव थांबवायच्या. अडीचच्या सुमारास खड्डा छातीला लागला. अंगातून घामाच्या धारा चाललेल्या.

या वेळी मी तोंड उघडलं. प्रत्येक थर चाकूनं खरवडला आणि जे दिसलं ते मोठ्यानं बोलत गेले. "हा वरचा थर दीड वीत. भुसभुशीत आहे, मेंढरं बसवलेली दिसतात."

"धा वर्सं बसवतोय," यमुनाबाई नाइलाजानं बोलल्या.

"खालचा दोन वीत. चिकट आहे पण निचरा आहे. पाऊस लांबला तरी हा थर ओल धरून ठेवील. मग मुरूम, पण मऊ. मुळं जातील. आता बघा." मी थेंब टाकले. वर काही नाही. मध्ये काही नाही. तळाच्या मुरमात चार बुडबुडे आले आणि विरले.

"ते काय?" त्या दचकल्या.

"ते चालतात. एवढे सगळ्यांच्याच रानात असतात."

त्या 'हं' म्हणाल्या. विश्वास बसला नव्हता. मी पुड्यांत नमुने भरले, बांधावर बसून कागद भरायला घेतला. बाकीचे रकाने झरझर भरले. शेवटच्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं.  मग मी लिहिलं आणि सही ठोकली.

तेवढ्यात रंगराव आले, बाकड्यावरच्या दोघांना साक्षीला घेऊन. नवा खड्डा बघून ते भडकलेच. "ह्यो काय परकार? चोरी केली तिला बक्षीस? मॅडम, माझी माती खरी उकळली तवा—"

"रंगराव," मी म्हणाले, "तुमच्या रानात चुनखडी फार आहे. उकळली ती त्यानंच. डाळिंब नाही यायचं तिथं. ज्वारी येईल, करडई येईल, बोरं येतील."

ते तसेच उभे राहिले. "मग वा का म्हनला?"

"थर फार स्पष्ट दिसत होते. असा खड्डा क्वचित बघायला मिळतो. म्हणून."

"थर," रंगराव म्हणाले, आणि बांधावर टेकले. बाकड्यावरच्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांतल्या एकाला हसू येत होतं ते त्यानं टोपीनं झाकलं.

यमुनाबाई हे सगळं कान टवकारून ऐकत होत्या. त्यांनी पुढं होऊन माझ्या हातातला कागद घेतला, न विचारता, आणि सरळ रंगरावांपुढं धरला. "वाच."

"मी?" रंगराव म्हणाले.

"तूच. मोठ्यांदा."

 "यमुनाबाई, मी वाचून दाखवते की."

"तुमी तुमचंच लिवलेलं वाचनार. तुमी काय बी वाचशीला." त्यांनी माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. "ह्यो माझा वैरी हाय. माझ्या फायद्याचं ह्यो खोटं वाचायचा न्हाई. ह्येनं जर चांगलं वाचलं तर ते खरंच तसं आसनार. वाईट वाचलं तर मग गुरुजींकडं जाईन. वाच, रंगराव."

रंगरावांनी खिशातून चष्मा काढला.  या माणसाचं रान दोन मिनिटांपूर्वी बाद झालं होतं, गावासमोर, आणि शेजारणीचं नशीब त्याच्या हातात होतं. शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय ते त्यानं वाचलं की बोंब मारणार, मला खात्री होती. बाकड्यावरचे दोघे साक्षीला होतेच.

"गट नंबर एकशे अठरा," रंगरावांनी सुरुवात केली. "मालक, धुळा भिवा पुकळे. खोली, पुरेशी. चुनखडी..." ते अडखळले. "चुनखडी नगण्य. ओल धरायची ताकद, चांगली. ज्वारी, योग्य. बाजरी, योग्य. डाळिंब." ते थांबले. चष्म्यावरून त्यांनी यमुनाबाईंकडं बघितलं.  "योग्य," रंगराव म्हणाले.

"अजून हाय खाली. ते बी वाच."

"शेरा. पहिला खड्डा बाद. कारण..." इथं ते पुन्हा थांबले. त्यांनी ती ओळ मनात वाचली असणार, कारण त्यांची नजर सरळ माझ्यावर आली. मीही बघत राहिले. आता बोंब, आता बोंब. "कारण, सर्वेक्षकाची चूक. चाचणीचा अर्थ शेतकऱ्यास सांगितलेला नव्हता."

"सर्वेक्षक म्हंजी कोन?" यमुनाबाईंनी विचारलं.

"ह्या," रंगराव म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्याकडं दिली. मला वाटलं आता सोड्याचं निघणार. पण ते म्हणाले, "माझ्या कागदावर बी तेच लिवा, मॅडम. दोन दिस मिशीला पीळ देत हिंडलोय मी. पावन्यांस्नी आता काय तोंड दाखवू?"

मी तिथल्या तिथं त्यांचा कागद काढला आणि लिहिलं. त्या ओळींबद्दल पुढं साहेबांनी मला लेखी जाब विचारला. मी लेखी उत्तर दिलं, तेच, जे झालं ते. पण तेव्हापासून खड्ड्यापाशी गप्प उभं राहणं मला कुणी शिकवू शकलं नाही.

जीप आली. मी चढत होते तर यमुनाबाई मागून आल्या. "तुमची गाडी शिरवळवरनं जाती न्हवं? गावाच्या पुढं, नदीच्या कडंला आमची मेंढरं हायेत. मालकाला एवढं सांगा. औंदा पावसाची वाट बघू नगा म्हनावं, घरी या. खड्डं घ्यायचं हायेत बागंचं."

वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरवळच्या पुढं जीप थांबवली. धुळा पुकळे भेटले. उंच, काटक माणूस, डोक्याला लाल मुंडासं. निरोप ऐकून घेतला आणि त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "सरकारी बाई निरोप द्यायला येती, असं कुठं आसतंय व्हय? खरं सांगा, बाई. मालकीन बरी हाय न्हवं? काय इपरीत तर न्हाई?"

"बऱ्या आहेत. रान डाळिंबाला योग्य ठरलं. हा कागद बघा."

"मला काय वाचता येतंय? कागदावर काय बी लिवता येतं. कशावरनं खरं मानू?"

मी कागद खाली घेतला. "रंगराव काळेलांनी वाचलाय. चारचौघांत, मोठ्यानं."

"रंगरावानं?" धुळांनी एक पाऊल पुढं टाकलं. "सोता?"

"स्वतः."

 धुळांनी दोन बोटं तोंडात घालून लांब शीळ घातली, आणि पलीकडच्या उतारावर त्यांच्या दोन्ही पोरांनी मेंढरं वळवली.